चोक काढलेली गाडी

वालूरच्या स्टँडवरून सेलूच्या रस्त्याला लागलं की बाभळीखाली बन्सीधर मिस्तरीचं पत्र्याचं शेड आहे. पाटी नाही. आसपासच्या खेड्यांतल्या दुचाक्या आपल्या पायानं तिथं येतात असं लोक म्हणतात, म्हणजे मालक त्या ढकलत आणतात आणि घाम पुसत बाजेवर बसतात. बन्सीधर मालकाला काही विचारत नाही. लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकत राहतो. डॉक्टरसुद्धा एवढा वेळ ऐकत नाही, असं गावातले म्हातारे म्हणतात.

हे ऐकणं तो परभणीच्या उस्तादाकडे शिकला होता. चोकशी असलेलं वैरही तिथूनच आलेलं. थंड इंजिन चालू करताना चोक ओढायचा, म्हणजे घटकाभर हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं, आणि गाडीनं धग धरली की चोक परत ढकलायचा. एवढी साधी गोष्ट. पण लोक ढकलायचं विसरत. चोक ओढलेला ठेवूनच पाथरीपर्यंत जाऊन येत आणि मग बाजेवर बसून कुरकुरत, "मिस्तरी, गाडी लय पेट्रोल पियालीय." समजावून समजावून बन्सीधर बेजार झाला आणि एक दिवस त्यानं समजावणंच सोडलं. शेडात आलेल्या प्रत्येक गाडीचा चोक तो न विचारता काढू लागला. वायर काढायची, आतला छोटा दट्ट्या नि स्प्रिंग काढून भंगारात टाकायची, भोकात रबराचं बूच ठोकायचं. पौषातल्या कडाक्याच्या सकाळी वालुरात दुचाक्या चालू होत नसत, तेव्हा शेजारीपाजारी येऊन धक्का मारत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शेजारी असतात कशाला?

काढलेल्या वायरी घरी येत. कमलबाई, त्याची बायको, त्या वाया जाऊ देत नसे. दोडक्याचा वेल चोकच्या वायरीवर चढलेला होता, मोरीचा पडदा वायरीवर सरकत होता, मच्छरदाणीचे चारही कोपरे चार गाड्यांच्या वायरींनी खिळ्यांना बांधलेले होते.

मिस्तऱ्याची बायको असून कमलबाईला गाडी येत नव्हती. तिचं सगळं आयुष्य फाट्यावर उभं राहण्यात गेलं. माहेरी जायचं तर जीपची वाट बघा, दवाखान्यात जायचं तर कुणी सेलूला निघालंय का विचारा, आणि निघालेल्याच्या मागं एका अंगानं बसा. बसवून नेणारा दहा ठिकाणी थांबणार, तिथं चहा घेणार, आणि ही पदर सावरत गाडीजवळ उभी. म्हणून लेक सविता दहावीला गेली तेव्हा कमलबाईनं नवऱ्याला सांगितलं होतं, "हिला गाडी शिकवा." "पोरीला कशाला?" असं तो पुटपुटला, पण शाळेमागच्या पडीक रानात त्यानं तिला शिकवली. स्कूटी घरात नव्हतीच. शेडातली जुनी मोटारसायकल होती, तीच तिची झाली.

पुढं सविता शिक्षिका झाली. केंद्राच्या शाळेची परीक्षा पास झाली आणि पहिलीच नेमणूक निघाली लेहला. बन्सीधरची थोरली बहीण नर्मदाबाई पेडगावहून ताबडतोब आली आणि ओसरीवर बसून म्हणाली, "एवढ्या लांब तर आमी मेलेल्याच्या अस्थी बी नेत न्हाई." तिनं पाथरीचं एक स्थळ काढून ठेवलं होतं.  कमलबाईनं सविताची बॅग भरायला घेतली, आणि ती भरून होईपर्यंत मान वर केली नाही.

बन्सीधर शब्दांचा माणूस नव्हता. त्यानं आठवडाभर शेडातली बाकीची कामं बाजूला सारली आणि पोरीची गाडी सगळी खोलून परत बांधली. लोक लेकीच्या लग्नात भांड्यांवर नाव घालतात तसं त्यानं एकेका बोल्टाला ग्रीस लावलं. शेवटी कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू आत घेतला. तो आत घेतला की हवा कमी होते, पेट्रोल जास्त जातं. "थंडीचा मुलूख हाय. जास्त लागल तिथं," तो म्हणाला. गाडी परभणीहून रेल्वेनं जम्मूला गेली आणि तिथून ट्रकनं वर चढली.

उन्हाळ्यात फोनवर सगळं गोड होतं. डोंगर असे, नदी अशी, घरमालकीण लय चांगली, तिला सगळे आमा-ले म्हणतात. गाडी चढावर दमते, पण पोचवते. शाळा गावापासून बरीच लांब, उघड्या माळावर. पहिलीचा वर्ग सविताकडे आणि वर्गाची किल्लीही तिच्याचकडे.

दिवाळीच्या सुमाराला तिथली थंडी उतरली आणि फोनवरचा आवाज बदलला.

"आई, सकाळी गाडी चालूच होईना गेलीय. किक मारून मारून पाय गळून जातो. धक्का मारावा तर इथं चार पावलं पळालं की छाती फुटायला होते. हवाच न्हाई इथं."

"मग जातीस कशी?"

"जाते कशी तरी. कुणाच्या तरी दारात उभं राहायचं, तुमची जीप निघाली का म्हणून विचारायचं. ते निघतात त्यांच्या वेळेला. परवा पोचले तर पोरं कुलपापुढं उभी. हातमोजे घालून, नाकं लाल. आई, एवढाली पोरं, माझी वाट बघायलीत थंडीत."

कमलबाई फोन कानाला धरून उभी होती तिथंच बसली. तिला पोरांचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बोचलं ते दारात उभं राहणं.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा सविता रडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. "शनिवारपर्यंत बघते," ती थंडपणे म्हणाली. "न्हाई जमलं तर राजीनामा देऊन येते. आत्याला सांग, ते पाथरीचं काय ते विचारा म्हणावं."

नर्मदाबाई भाऊबिजेला आलेली होती. तिला काही सांगावं लागलं नाही. फोनचा आवाज मोठा होता. तिनं अडकित्त्यानं सुपारी कातरली आणि म्हणाली, "मी तेव्हाच म्हणलं व्हतं. पण ह्या घरात माझं ऐकतंय कोण? मी आपली वर्षातून एकदा ओवाळायला."

"आक्का, जरा थांबा," कमलबाई म्हणाली.

"मी थांबले माय. तो पाथरीवाला थांबतोय का बघा."

त्याच दिवशी दुपारी सवितानं तिथला मिस्तरी बोलावून आणला. दुपारच्या उन्हात दोघांनी ढकलून गाडी चालू केली, पण त्यानं आतबाहेर बघितलं आणि हसायलाच लागला. संध्याकाळी सवितानं बापाला फोन लावला. "बाबा, तो विचारत होता, इसका चोक किधर है? एवढ्या जुन्या गाडीचं सामान इथं मिळत न्हाई म्हणाला आन गेला. आपल्या गाडीला चोक नव्हताच ना?"

बन्सीधरनं फोनकडे बघितलं. "आवाज येईना गेलाय," असं म्हणून त्यानं फोन बायकोच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बाभळीकडे बघत उभा राहिला.

आवाज स्वच्छ येत होता. कमलबाई दोन शब्द बोलली, फोन ठेवला आणि आतल्या खोलीत गेली. मच्छरदाणीच्या कोपऱ्यातली काळी वायर तिनं बोटानं चाचपली. ती कुठल्या गाडीची हे काही वायरीवर लिहिलेलं नव्हतं. ती बाहेर आली.

"सवीच्या गाडीचा बी काढलाव का?"

"सगळ्यांचाच काढलाय."

"आवो, लोकांचा काढला ते ठीक. ती पोरगी विसरणारी हाय का?"

"लय वर्षं झाली त्याला. शेडात आली ती गाडी, तव्हाच काढला. ती तिची व्हईल हे मला काय म्हाईत." तो परत बाभळीकडे वळला. "पाठवताना ध्यानातच आलं न्हाई. चोक म्हणून काही असतं हेच मी विसरून गेलोय."

ओसरीवरून नर्मदाबाई म्हणाली, "सगळ्या गावाच्या गाड्या मुक्या केल्यास बन्सी, आता लेकीची बी."

 बन्सीधरनं मच्छरदाणीची एक वायर सोडली, शेडातल्या भंगाराच्या डब्यात अर्धा दिवस हात घालून दट्ट्या नि स्प्रिंग शोधली, आणि सेलूला जाऊन पार्सल करून आला. पण त्या डोंगरात पार्सल कधी पोचेल हे पार्सलवालाही सांगेना. तोवर पोरं कुलपापुढंच.

रविवारी सकाळी सविता मोकळी होती. बन्सीधरनं शेड उघडलं नाही. घरात खाली पोतं अंथरून त्याच जातीचा एक जुना कार्बोरेटर समोर ठेवला, म्हणजे बोलताना हाताला आठवेल. कमलबाईनं फोन तांब्याला टेकवून उभा केला. चित्र थोडा वेळ आलं: बर्फाची कड असलेला डोंगर, गाडी, टोपीत गुरफटलेली सविता, मागं लाल गालांची एक बाई. मग चित्र गोठलं आणि नुसता आवाज राहिला.

"स्क्रूड्रायव्हर घेतला? डाव्या अंगाला हवेचा स्क्रू हाय. तो अजून आत घे."

"घेतला."

"मार किक."

किकचा कोरडा आवाज आला. परत आला. मग इंजिन खोकल्यासारखं झालं, एक भपकारा टाकल्याचा आवाज आला आणि गप्प.

"काळा धूर आला बाबा. पूर्वीपेक्षा जास्त."

"अजून जरासक आत घे. थंडीत पेट्रोल जास्त पायजे."

परत किका. ह्या वेळी खोकलाही आला नाही. सविताचा श्वास फोनमधून ऐकू येत होता, भाता चालावा तसा. बन्सीधर हातातला कार्बोरेटर फिरवून फिरवून बघत होता, जणू चूक त्याच्यातच सापडेल.

"बाबा, राहू द्या," सविता म्हणाली. "बोटं चालेना गेलीत माझी. मी येते परत. खरंच येते."

नर्मदाबाईचा अडकित्ता थांबला. 

कमलबाई फोनजवळ सरकली. राजीनामा देऊ नको म्हणावं तर पोरगी तिथं एकटी गारठतेय. ये म्हणावं तर आपणच बॅग भरली होती. म्हणून तिनं जे रोज विचारायची तेच विचारलं. "सवे, काही खाल्लीस का सकाळी?"

"काय खाऊ? डाळ शिजत न्हाई, कुकर लावला तरी वेळ लागतो. गॅस पिवळा जळतो आणि पातेल्यांची बुडं काळी होतात. आमा-ले म्हणते हवा पातळ हाय म्हणून. घासून घासून हात गेले."

हे रडगाणं कमलबाईनं अनेकदा ऐकलं होतं आणि दर वेळी राख लावून घास म्हणून सांगितलं होतं. आज मात्र तिनं नवऱ्याकडे बघितलं. तिच्या स्वतःच्या चुलीला वारा कोंडला की असंच होई. लाकूड भरपूर, जाळ पिवळा, धूर काळा, भांडं काळं. तेव्हा ती आणखी लाकूड घालत नसे, एक ओढून काढी.

"आवो," ती म्हणाली, "तिथं गॅसलाच वारं पुरना. तुमच्या गाडीला कसं पुरल? तुमी पेट्रोलच वाढवायलात."

बन्सीधरनं कार्बोरेटर खाली ठेवला. "थंडी हाय ना पण."

"थंडी हाय ते चालू व्हायच्या वक्ताला. चुलीला बी पयल्यांदा रॉकेल दाखवतो. मग दिवसभर ओततो का?"

 बन्सीधरनं डोळे मिटले, तिचं बोलणं कानाला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकल्यासारखं. मग तो फोनवर वाकला आणि त्याचा आवाज एकदम शेडातला झाला.

"सवे, ऐक. मी उलटं सांगितलं. तो स्क्रू बाहेर घे. मी इथून निघताना आत घेतला व्हता, तिथपासून बी बाहेर घे. आता प्लग काढ. कसा हाय?"

"कोळसा झालाय."

"झालाच असणार. घासून साफ कर, आत नेऊन गॅसवर जरा तापव. चिमट्यात धर. हात भाजशील."

बऱ्याच वेळानं ती परत आली. प्लग गरम होता. तो बसवला.

"आता चोक. चोक मी काढलेला हाय," बन्सीधर म्हणाला.  "माझी चूक हाय ती. पार्सल येईल तव्हा बसवून घे. आज हातानं करू. बाजूचं झाकण काढ, आतला फोम काढ. तिथं हवा आत जायचं तोंड हाय. त्यावर तळहात दाबून धरायचा नि किक मारायची. गाडीनं आवाज धरला की हात काढायचा."

"बाबा, तळहात तिथं आणि किक इथं. मला दोनच हात हायेत."

मागून त्या लाल गालांच्या बाईचा आवाज आला, हिंदीत, हसत. सविता तिला काहीतरी समजावत होती. "आमा-ले धरते म्हणायलीय."

"त्यांचा हात ओढंल आत?" कमलबाईनं घाबरून विचारलं. दुसऱ्याच्या आईचा हात आपल्या गाडीत अडकायला नको.

"ओढल्यासारखं व्हतं नुसतं. काही व्हत न्हाई," बन्सीधर म्हणाला. "मार."

एक किक. दुसरी. आमा-लेनं हात दाबत तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं, गाईला चुचकारावं तसं. पुढच्या किकला इंजिन खोकलं, परत खोकलं आणि धरलं.

"हात काढा," तिकडे सविता ओरडली.

आवाज वाढला, डगमगला, विझायला आला. बन्सीधरनं फोन उचलून कानाला लावला आणि डोळे मिटले. "एक्सलेटर सोडू नको. स्क्रू थोडा बाहेर. अजून. थांब, एक केसभर आत. आता हात लावू नको." तो ऐकत राहिला. कमलबाईला फोनमधून काही ऐकू येत नव्हतं, ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. कपाळावरची आठी आधी सैल झाली, मग गेली. त्यानं फोन तिच्या कानाला लावला. गाडी एका लयीत चालली होती, दळण पडावं तशी.

"धूर?" त्यानं विचारलं.

"न्हाई बाबा. पांढरी वाफ हाय नुसती."

मग रोजच्यासाठी त्यानं युक्ती सांगितली. जुन्या रबरी स्लिपरचा तळवा कापायचा, तो त्या तोंडावर ठेवून झाकणाखाली दाबून बसवायचा, गाडी चालू झाली की उपसायचा आणि फोम परत घालायचा. कापड कोंबायचं नाही, धागे आत जातात. आणि प्लग दर रविवारी साफ. सविता हो हो म्हणत होती, पण खरी परीक्षा उद्याची होती. आमा-ले पहाटेच गाई घेऊन जायची, शेजारीही नसणार. पहाटेची थंडी वेगळी.

सोमवारी कमलबाईच्या हातून पहिली भाकरी तव्यावर करपली. बन्सीधर शेडात जायला निघाला आणि चपला घालून ओसरीवरच बसला. नर्मदाबाईची पेडगावची जीप एक गेली, दुसरी गेली, ती उठेना.

"शाळा भरली असंल का आता?" तिनं विचारलं.

"भरली असंल."

"फोन तर न्हाई."

"गाडीवर असताना कसा करल, आक्का?"

"न्हाई, मी आपलं म्हणलं." नर्मदाबाईनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल ढकलत आणली आणि शेडाचं कुलूप बघून हाक मारली. बन्सीधर उठला नाही. कमलबाईनं पीठ मळून ठेवलं, परत मळलं. सूर्य बाभळीच्या वर आला तेव्हा फोन वाजला. तिघांनी एकदमच हात पुढं केला. तो कमलबाईला मिळाला.

पलीकडे आधी नुसता कालवा होता. पोरांचे आवाज, बाकं सरकल्याचे आवाज, कुणीतरी कुणाचा तरी मोजा ओढल्याची तक्रार.

"आई, पोचले. पयल्या झटक्यात न्हाई, पण चालू झाली. एकटीनं केली. पोरं यायच्या आधी पोचले, कुलूप मीच काढलं." मग फोनपासून तोंड वळवून कुणाला तरी दरडावणं. "आई, आता ठेवते. गोंधळ घालायलेत. रविवारी बोलू."

फोन बंद झाला.

"एवढंच?" नर्मदाबाई म्हणाली.

"एवढंच," कमलबाई म्हणाली. तिचे खांदे खाली आले, आणि इतके दिवस ते वर होते हे तिला तेव्हा कळलं.

"इंजिनाचा आवाज कसा व्हता म्हणली?" बन्सीधरनं विचारलं.

"ते न्हाई इचारलं."

"इचारायचं ना."

"रविवारी तुमीच इचारा."

त्यानं चपला काढल्या आणि आत येऊन चुलीपाशी मांडी घातली. काल सकाळपासून तो धड जेवला नव्हता. कमलबाईनं त्याच्या ताटात गरम भाकरी टाकली, वर ठेचा आणि तेलाची धार. रस्त्यावरच्या माणसानं परत हाक मारली. त्याला थांब म्हणून सांगायला कुणी गेलं नाही.

नर्मदाबाई दारात पिशवी घेऊन उभी राहिली. तिसऱ्या जीपचा हॉर्न ऐकू येत होता. "मग कमल, त्या पाथरीवाल्याला काय सांगू?"

"सांगा, पोरगी शाळेत हाय," कमलबाई म्हणाली. "आन बसा आक्का, भाकर खाऊन जावा. जीप काय, येतच राहते."

नर्मदाबाईनं जरा विचार केला, पिशवी परत खाली ठेवली आणि भावाच्या शेजारी बसून स्वतःच ताट ओढून घेतलं.